क्रेनचा हात

क्रेनवाल्याचं निम्मं आयुष्य वर बसून गेलं, तेही इतकं वर की खालचे मुकादम त्याला मुंग्यांएवढे दिसत. तिथे बोलायला कोणी नाही. त्यामुळे खाली उतरल्यावरही त्याच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. थोरली बहीण आणि तिचा नवरा, एवढाच गोतावळा. त्या दोघांनी नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेतलं ते याच्याच शब्दाखातर. "मीच तर बांधतोय. डोळे मिटून घ्या," तो म्हणाला होता. एवढं लांब भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं, अशी भाऊजी चेष्टा करत.

बहिणीची भाड्याची खोली साइटच्या समोरच, रस्त्यापलीकडे. भाऊजींच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून भावाबहिणीनं पलंग खिडकीशी ओढला. तिथून क्रेन पुरती दिसे.

"काय मेव्हणे, आज माझ्या घरात काय आणलंत?" संध्याकाळी भाऊजी विचारत.

"तुमच्या स्वयंपाकघरातून सळया नेल्या."

"चपला काढून ना?"

स्लॅब तेव्हा कुठे बाराव्या मजल्यापर्यंत आला होता. चौदावा मजला म्हणजे नुसती हवा.

बाराव्यानंतर माणसं गळायला लागली. आधी सेंटरिंगचे सुतार दुसऱ्या साइटवर हलवले, "आठवड्यात परत येतील" म्हणून. मग सळया बांधणारे गेले. माणसं नाहीत म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून उरलेलेही निघाले. शेवटी साहेब क्रेनवाल्याला म्हणाले, "उद्यापासून वीज बंद. तू राखणीला थांब." त्यानं नेहमीसारखा ब्रेक मोकळा सोडला आणि तो उतरला. क्रेन बंद करताना तिचा लांब हात वाऱ्यावर मोकळा ठेवावाच लागतो. आवळून धरला तर वादळात अख्खी क्रेन उलटते.

दुसऱ्या दिवशी, मनाशी वाक्य जुळवून, तो बहिणीकडे गेला. भाऊजी खुशीत होते.

"आज काम जोरात दिसतंय. दिवसभर हात फिरत होता."

"हं," तो म्हणाला.

मग रोज वारा क्रेन फिरवी आणि रोज हा "हं" म्हणे. भाऊजी दोन घास जास्त खाऊ लागले. एकदा जिन्यापर्यंत सोडायला आलेली बहीण हळूच म्हणाली, "गेटला कुलूप बघितलं मी. पण मला काही सांगू नकोस. त्यांच्यापुढे खोटं बोलायला मला जमत नाही."

"मला तरी कुठे जमतं, ताई?"

"तू गप्प बसतोस. तेवढ्यानं भागतं तुझं."

पुढे भाऊजींची तब्येत खालावली. दवाखान्यात न्यायचं ठरलं.

"जायच्या आधी एक कर," ते त्याला म्हणाले. "उद्या सकाळी क्रेनचा हात माझ्या खिडकीकडे वळवून थांबव. मी टॉवेल हलवीन."

सांगून टाकायची हीच वेळ होती. तो "बघतो" म्हणाला.

सकाळी तो शिडीनं चढून केबिनमध्ये बसला. वीज नाही हे माहीत असूनही त्यानं बटणं दाबून पाहिली. मोकळा सोडलेला ब्रेक पुन्हा आवळायलाही वीजच लागे. हात आपल्या लयीत फिरत होता, त्याच्याबरोबर केबिन. हळूहळू खिडकी समोर आली. पांढरा टॉवेल हलत होता. तो उभा राहिला, त्यानं काचेवर पंजा टेकवला, आणि तेवढ्यात वाऱ्यानं त्याला वळवलं. समोर आल्या बाराव्या मजल्याच्या गंजलेल्या सळया. पुन्हा खिडकी दिसली तेव्हा टॉवेल हलत नव्हता.

संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "थांबला नाहीस."

"वीज नाही, भाऊजी. माणसंही नाहीत. बाराव्यानंतर काम बंद आहे."

बहीण ताट घेऊन दारातच थबकली.

"मग फिरवतं कोण?"

"वारा."

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. हात फिरतच होता. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पलंग होता तिथे न्या. इथे वारा फार लागतो."

बहिणीनं ताट खाली ठेवलं आणि पायथ्याची बाजू धरली. त्यानं उशाची धरली. या वेळी भाऊजींना खुर्चीत बसवावं लागलं नाही. त्यांच्यासकट पलंग सहज उचलला गेला.