क्लोराइडची दारं

माणसाचं आयुष्य क्लोराइडच्या दारांवर अवलंबून असतं, असं अकोल्यातले आमचे शेजारी सांगत. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला, तरी अडकलेल्या ट्रकवाल्यांना त्यांनी हेच ऐकवलं: श्वासनळीच्या पेशींच्या दारांतून क्लोराइड, म्हणजे मिठातला एक भाग, बाहेर पडलं की मागोमाग पाणी येतं आणि कफ पातळ राहतो; ही दारं जन्मतःच बिघडलेली असली, तर कफ घट्ट होतो आणि घाम फार खारट. प्रत्येक वाक्यानंतर "समजून राहिलं ना?"

मग त्यांच्या नातीचा खोकला थांबेना. मे महिन्यातल्या एका दुपारी ते तिला कडेवर घेऊन आमच्याकडे आले. तिच्या कपाळाला त्यांनी जीभ लावली आणि माझं कपाळ मागितलं.

"काहून, सर?"

"तुलना करा लागते ना भाऊ. हलू नका."

त्यांनी माझं कपाळ चाटलं, मग पुन्हा तिचं.

"पोरगी जास्त खारट लागून राहिली. का मले भास होते?"

"उन्हाळ्यात इथं सगळेच खारट असतात, सर."

ते हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते तिला घामाच्या तपासणीसाठी नागपूरला घेऊन गेले. प्रयोगशाळेत एसी होता. पोरीला तपासण्यापुरता घामच आला नाही.