एफ्राईनची एका दिवसापुरती शांत गाडी

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रेस्नोच्या गल्लीत एफ्राईन मदिना कामावरून आला हे कुणी सांगावं लागत नाही. दोन चौक आधीच त्याची गाडी बोंब ठोकते. मूळ सायलेन्सर काढून त्यानं मनगट जाईल एवढा जाड पाइप बसवलाय, आणि धूर गाळणारा डबा तर काढूनच ठेवलाय. का, तर म्हणे, "इंजिनाला मोकळा श्वास नको?" आणि आम्ही बाबा, नाक दाबून बसायचं!

दर दोन वर्षांनी सरकार धुराची तपासणी मागतं. त्या दिवसापुरता हा साधुपुरुष होतो. गॅरेजच्या भिंतीवरून जुना सायलेन्सर आणि डबा उतरवतो, आणि शेजारधर्म म्हणून मला गाडीखाली घालतो. तपासणी झाली की संध्याकाळी सगळं परत भिंतीवर. निम्मी गल्ली हेच करते, आणि वर हवा खराब झाली म्हणून कुरकुरते.

यंदा मात्र त्याची चांगलीच टरकली होती. बायकोनं, लिडियानं, टॉर्टिया शेकता शेकता बजावलं होतं, "ह्या वेळी नापास झाली, तर गाडी भंगारात. मी स्वतः ढकलत नेईन." ती बोलली की करते. अठरा वर्षं पोरासारखी जपलेली गाडी! मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू?

तपासणारा साको, म्हातारा आर्मेनियन, महातिरसट. खाली वाकला.

"नट नवे दिसतात. कालच लावलेत वाटतं?"

"छे हो! मी गाडी स्वच्छ ठेवतो."

"हो का? आंघोळ फक्त नटांनाच घालतोस?"

पण आकडे बरोबर निघाले. साकोनं तोंड वाकडं करून कागद दिला. पास! एफ्राईननं त्याला मिठीच मारली.

आम्ही तिघं घरी निघालो, एफ्राईनशेजारी लिडिया, मी मागच्या सीटवर. काय ती शांतता! आणि त्या शांततेत इंजिनातून टक्, टक्, टक्. वेग वाढवला की ठोके वाढायचे. टायरच्या दुकानात माझा जन्म गेला, पण हे ओळखायला मेकॅनिक लागत नव्हता.

"भावा, इंजिन गेलंय."

एफ्राईन पांढराफटक पडला. "असं कसं? कधीपासून?"

"झाले की सहा महिने," लिडिया म्हणाली. "पायाखाली ठोके लागत होते. रोज तुला गाडीत सांगत होते. तू नुसती मान डोलवायचास."