मोटर हवा ओढायलीय

मी घाटनांदूर सोडलं तेव्हा ट्रॅव्हल्सच्या डिकीत आधी माझे स्पीकरचे दोन काळे बॉक्स चढले, मग वर सीटवर मी. आई डोळे पुसत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, बॉक्सकडं बघून म्हणाले, "ने बाबा एकदाचे. तुझ्या धाडधाडीनं म्हैस पान्हा चोरायलीय." सगळे रडायचं सोडून हसले. माझ्या संगीतावरची ती पहिली समीक्षा.

पुण्यात वीसेक वर्षं मी वराती आणि हळदी नाचवल्या, लॅपटॉपवर रिमिक्स केले. स्वतःला एक स्टेप येत नाही, ते सोडा. आता डाव्या कानात शिट्टी वाजते आणि पोट मिक्सरला टेकतं.

एकदा बोलून झाल्यावर अण्णांनी फोन बंद न करताच खिशात टाकला. पलीकडं विहिरीवरची मोटर चालू होती. ती घरघर मी रेकॉर्ड केली. विहीर तळाला गेली, मोटर पाण्याऐवजी हवा ओढायला लागली तसा आवाज पोकळ होत गेला, तोही घेतला. मग ते लांबवून, पातळ करून पंधरा मिनिटांचं काहीतरी बनवलं. ठेका नाही, शब्द नाहीत. याला अ‍ॅम्बियंट म्हणतात, असं मी आक्काला, थोरल्या बहिणीला, फोनवर सांगितलं. ती खूश झाली. "अंबेचं हाय का? मग चांगलंच की!"

पण तिच्या पोरीच्या लग्नात मामानंच डीजे लावायचा असं घरानं ठरवलेलं. मी म्हणालो, वरातीत लावणार नाही. पंगतीत मात्र माझं नवीन वाजेल. आक्कानं बोलणंच टाकलं. चुलतभाऊ बाळू म्हणाला, "दादा म्हातारा झाला बे." झालो. तरी नाही म्हणजे नाही.

नांदूरघाटला, आक्काच्या सासरी, रानातल्या मांडवात, बुंदी वाढायला घेतली आणि मी सुरू केलं. आचारी जनरेटरकडं बघायला लागला. बाळू पळत आला.

"दादा, गाणं कवा सुरू व्हायचं?"

"सुरूच हाय."

"मग बंद कवा व्हतंय?"

पंगत खदखदली. आक्कानं पदर तोंडाला लावला. मी आवाज तसाच ठेवला. शेवटचा पोकळ भाग आला आणि अण्णा भरल्या ताटावरून उठले. आमच्यात असं उठणं म्हणजे भर मांडवात अपमान.

"आरं, मोटर बंद करा कुणीतरी! हवा ओढायलीय, जळंल!"

खरकट्या हातानं ते थेट बॉक्सपाशी आले. तापलीय का बघावं तसा डावा हात बॉक्सवर ठेवला, कान लावला.

"ही तर आपली मोटर. हितं कशी?"

"मीच आणली, अण्णा."

त्यांनी बॉक्सवरचा हात काढला. "मग थोडा दम खाऊ दे तिला. पाणी साठलं की परत लाव."

"परत?" बाळू ओरडला.

परत. पूर्ण पंधरा मिनिटं.

आक्का अजून रुसलेली आहे. म्हणते, लग्नात नाच झाला न्हाई. नाही झाला. पुढच्या लग्नातही मी डीजे लावणार नाही, तुम्ही गावात असा नाहीतर माझ्यासारखे पुण्यात, आत्ताच सांगून ठेवतो. घर कुठलं विचाराल, तर माझ्या आवाजातली कोरडी विहीर ओळखून एक माणूस भरल्या ताटावरून उठला, तेवढी जागा.