पाय धुवायचा तांब्या

यंदा देवळातल्या काल्याला निघताना मी पिशवीत तांब्या घातला. मुलीने विचारलं, हा कशाला? म्हटलं, येताना तीर्थ आणायला. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. बापासारखीच आहे, तिला कळलं असणार. वाटभर मला त्या पिशवीची लाज वाटत होती.

मी मूळची डिचोलीची. आमच्या दारासमोरून खाणीचे ट्रक जायचे. लाल धूळ भांड्यांवर, अंथरुणावर, दोरीवरच्या कपड्यांवर. आई दिवसभर लादी पुसायची आणि बाहेरून येणाऱ्याला पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. लग्न होऊन पेडण्याच्या या गावात आले, तशी मी दाराशी बादली आणि तांब्या ठेवला. इथे ना खाण, ना ट्रक, नुसती काजूची झाडं. पण खोड गेली नाही. सासऱ्यांनी निमूटपणे पाय धुतले. नणंद फुगली. पाववाला पोदेर पायरीपर्यंत यायचा आणि तिथूनच हात लांब करायचा.

नवरा मात्र खूश झाला. त्याला वर्षभराचा मसाला मिळाला होता.

तो वीजखात्यात लाइनमन होता. खांबावर चढला की खाली जमलेल्या लोकांशी वरून गप्पा, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून पळाली. जत्रेच्या काल्यात, म्हणजे देवळापुढच्या दशावतारी खेळात, तो संकासूर व्हायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संकासूर म्हणजे वेद चोरायला आलेला राक्षस. अंगात काळा झगा, तोंडावर काळं कापड, त्याला लाल जीभ शिवलेली. शेवटी विष्णू त्याला मारतो. पण मरण्याआधी त्याने गावातल्या कुणाचीही टर उडवावी, त्याला मुभा असते आणि रागवायचं नसतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला हा राक्षस डरकाळी फोडत मांडवात आला, पायरीवर पाय ठेवला आणि थबकला. स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग मागे सरून ओरडला, "उदक हाडा रे! आदी पाय धुवंक जाय! ती बाय बसल्या थंय. विष्णू मागीर मारतलो, ती आदी मारतली!" म्हणजे पाणी आणा, विष्णू नंतर मारेल, पाय न धुता चढलो तर तिथे बसलेली ती बाई आधी मारेल.

अख्खा गाव मान वळवून माझ्याकडे बघत होता. मी पदर तोंडावर ओढला तो काला संपेपर्यंत काढला नाही. घरी आल्यावर म्हटलं, "अहो, मी शाळेत शिकवते. उद्या पोरं काय म्हणतील?"

"पाय धुवन वर्गात येतली," तो म्हणाला.

आणि खरंच आली. दारात रांग करून पाय वर दाखवत. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानंतर दर जत्रेला तेच. मांद्र्याच्या मासळीवाल्या मला बघून साडी वर करून पावलं दाखवायच्या. मुलगी म्हापशाला कॉलेजात गेली तेव्हा तिथेही कुणीतरी तिला विचारलं, पाय धुवायला लावतात ते घर तुमचंच ना? ती रडत आली. बापाने तिला समोर बसवून सांगितलं, "बाये, ज्या घराचेर लोक हासतत, थंय लोक येतत." मला ते तेव्हा पटलं नाही. मी आत जाऊन भांडी आपटली.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्स आली की तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा आणि तिला खुणेने पाय दाखवायचा. ती बिचारी गोंधळायची, आणि मी खिडकीबाहेर बघायची.

तो तिथेच गेला. त्याला घरी आणलं. न्यायच्या आधी आंघोळ घालतात. शेजारची म्हातारी म्हणाली, "पाय तूच धू गे बाय." मी तोच तांब्या घेतला. त्याच्या टाचांच्या भेगांत खांबांचा गंज बसला होता, आयुष्यभर धुऊन न गेलेला. आणि मला हसू आलं. आवरेना. वाटलं, आता उठून म्हणेल, बघा, शेवटी हिनेच धुतले. मी पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. बायका म्हणाल्या, रडू दे तिला, बरं वाटेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलासुद्धा नाही. नवऱ्याच्या प्रेताशी हसलेली बाई म्हणून मी कित्येक दिवस आरशात बघायचं टाळलं.

त्या वर्षी आम्हाला जत्रा नव्हती. मी घरात बसून लाउडस्पीकर ऐकला. नव्या संकासुराची डरकाळी आली, आणि पाण्याची हाक आलीच नाही. सरळ वर चढला मेला. ज्या विनोदाची मी जन्मभर लाज धरली, तो झाला नाही म्हणून मी उपाशी झोपले.

म्हणून यंदा तांब्या. देवळाच्या नळावर भरून घेतला आणि बायकांत जाऊन बसले. हल्ली काला दिवे लागायच्या वेळेलाच उभा राहतो. आता संकासूर होतो तो आमच्या शेजारचा रिक्षावाला. नवऱ्याच्याच हाताखाली शिकलेला. तो डरकाळी फोडत आला, पायरीशी क्षणभर घुटमळला आणि तसाच वर चढला. विधवेला दुखवायचं नाही, एवढंच त्याच्या मनात. आणि सगळा गाव जाणूनबुजून माझ्याकडे न बघता बसलेला. ती दया मला सोसेना. हसले असते तर परवडलं असतं.

मी उभी राहिले. लेकीने हात धरला, तो ओढण्यासाठी की आधारासाठी, कळलं नाही.

"पाय धुल्याशिवाय वयर खंय चल्लो रे?" मी वर्गातल्या आवाजात ओरडले.

पेटी थांबली. काळ्या कापडाआडून तो माझ्याकडे बघत राहिला. मग धपकन खाली उडी मारली. "मेलो! बाय उठली!"

मांडव हसून कोसळला. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि धुळीने भरलेला पाय पुढे केला. मी तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं. अर्धं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. सगळे बघत होते. कान लाजेने तापले होते, अगदी पहिल्या वर्षीसारखे. मी हसत होते, रडतही होते. पदर मात्र तोंडावर घेतला नाही.