अंगठ्याला लागणारा जोड

सातवीत गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या यादीतून माझं नाव काढलं. ते मी विसरलेले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही कधी केलेला नाही.

वर्गात उपसर्ग-प्रत्यय चालले होते. शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग, नंतर लागतो तो प्रत्यय, आणि लागला की अर्थ फिरतो, एवढं मला कळलं होतं. 'नि' लावून शब्द सांगायचा होता. निकामी, निनावी आधीच्या मुलींनी संपवले होते. मी म्हणाले, "निपाणी. पाणी नसलेलं गाव."

माझं आजोळच निपाणीचं. तिथल्या विहिरीचं पाणी मी ओंजळीनं प्यालेली, तरी तोंडातून गेलं ते गेलं. वर्ग हसला. मी शेजारणीच्या पाठीत गुद्दा घातला. गुरुजी म्हणाले, "भांडखोर. डोक्यात काय न्हाय, हातात मात्र लई." दुसऱ्या दिवशी यादीत माझं नाव नव्हतं. वडील म्हणाले, यादीत नाही तर शाळेत तरी कशाला, आणि मला मागावर बसवलं.

वडगावच्या आमच्या घरी साड्या विणत. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा. धाग्यात धागा अडकवून दोन्ही जोडायचे. अंग तेच, पण लाल रेशमी पदर जोडला की साडी लग्नाची, साधा सुती जोडला की घरात नेसायची. एकदा साडी उलटी करून जोड अंगठ्यानं चाचपताना मला गुरुजींचा तो तास आठवला. शब्दांनाही असंच काहीतरी जोडतात की. मग मला खोडच लागली. रद्दीच्या कागदावर शब्द दिसला की मी जोड शोधायची. जोडलेलं काढल्यावर उरेल ते नेसता आलं पाहिजे, हा माझा नियम. 'बेभान'मधलं 'बे' काढलं तर 'भान' उरतं, चालतं. 'बेळगाव'मधलं काढलं तर 'ळगाव' उरतं, ते कुणाला नेसवणार?

पुढे डोक्यावर गठ्ठा घेऊन मी संकेश्वरच्या बाजारात साड्या विकल्या आणि शहापुरात स्वतःचं दुकान घातलं. गेल्या लग्नसराईत तिथं गुरुजी आले, सुनेला घेऊन. मी लगेच ओळखलं, त्यांनी नाही. घासाघीस सुरू झाली. मी हलेना, तेव्हा त्यांनी चष्मा सारखा करून बघितलं.

"ती निपाणीवाली न्हवं का गं तू?"

"व्हय, गुरुजी."

"मग गुरुजीला कायतरी कमी करशील का न्हाय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. माझं डोकं तापलं. पण माझे चांगले सौदे तापलेल्या डोक्यानंच झालेत.

"शब्द विचारा," मी म्हणाले. "एक चुकला तर तुम्ही म्हणाल त्या भावात साडी. न्हाय चुकला तर माझा भाव, आणि यादीतनं नाव काढलं ती चूक, असं हितं सगळ्यांम्होरं म्हणायचं."

सुनेला मजा वाटली. "विचारा की मामा. साडी स्वस्तात मिळंल."

गुरुजी ताठ बसले. "गैरसमज."

"'गैर' आधी जोडलंय. समज उरली."

"माणुसकी."

"'की' मागं जोडलीय. माणूस उरला."

"'खोर' लावून सांग."

"भांडखोर. त्यो तर तुम्हीच शिकवलाय."

गिऱ्हाइकं हसली. गुरुजी हसले नाहीत. आणखी सात-आठ शब्द झाले, एकही अडला नाही. मग ते हळूच म्हणाले, "निपाणी."

मी त्यांच्यासमोरची साडी उलटी केली आणि त्यांचा अंगठा धरून पदराच्या जोडावरून फिरवला.

"लागतंय?"

"लागतंय."

"'निकामी'त असा लागतो. निपाणीत 'नि' काढलं तर पाणी उरतं, पण त्या गावात पाणी हाय, म्हणून मला लागत न्हाय. तिथं जोड हाय का न्हाय, मला ठाऊक न्हाय. आणि ठाऊक नसलं तर मी कात्री लावत न्हाय, गुरुजी. तुम्ही माझ्या नावाला लावलीसा."

त्यांचा अंगठा अजून जोडावरच होता. मग सुनेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सातवीत हिचं नाव मी यादीतनं काढलं. चूक झाली. परीक्षेला बसवायला पायजे होतं हिला."

इतकी वर्षं मला वाटायचं, हे ऐकलं की रडू येईल. आलं नाही. उलट भूक लागली. मी शेजारच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा आणि भजी मागवली, गुरुजींची बशी आधी भरली.

"आता तरी थोडं कमी कर," ते म्हणाले.

"ठरलंय ते ठरलंय."

साडी माझ्याच भावानं गेली. मग सुनेनं बहिणीसाठी आणखी एक काढायला लावली. मी लाल रेशमी पदराची काढली, आणि भाव चढाच सांगितला.