डोळ्यातलं तांबडं

सुभेदारांनी कधी कुणाला "कशी आहेस" असं विचारलं नाही. सकाळी मैदानावर मुलगी समोर आली की एकच शब्द यायचा, "वढ." मग तिने स्वतःच्याच बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढायची, उजेडाकडे तोंड करायचं, आणि सुभेदारांनी हात पाठीमागे बांधून, वाकून आत बघायचं. लाल दिसलं तर मान हलायची. फिकट दिसलं तर त्या दिवशीचं पळणं निम्मं. पहिल्या दिवशी मी त्यांना, मला चष्मा लावून घ्यायचा नाही, असं आधीच बजावलं होतं.

फौजेत असताना ते लांब पल्ल्याचे धावपटू होते. निवृत्त होऊन नव्वदच्या दशकात कोल्हापुरात परतले आणि मुलींना पळायला शिकवू लागले. तालमींच्या गावात हा उद्योग लोकांना चमत्कारिकच वाटायचा. त्यांचा आवडता विषय होता वरची हवा. उंच डोंगरात राहून सराव केला की माणूस खाली येऊन कसा पळतो, हे ते इतकं रंगवून सांगत की ऐकतानाच धाप लागावी. एकदा एका मुलीचे वडील म्हणाले, आमची पोरगी दर रविवारी पन्हाळा चढते, तिला कशाला लांबचे डोंगर? सुभेदार शांतपणे म्हणाले, "पावणं, पन्हाळ्यावर भूक वाढती. रगत वाढायला त्येच्या दुप्पट वर जावं लागतंय."

गंमत म्हणजे आम्हाला पन्हाळ्याच्या चढावर पळवताना ते स्वतः पायथ्यालाच बसून राहत. आम्ही याला फौजी आळस समजायचो.

मी हातकणंगल्याहून पहाटेच्या गाडीने यायचे. वडिलांनी त्या उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर खेळाच्या कोट्यातून नोकरीचं काही दिसलं नाही तर स्थळं बघायची. अशात निलगिरीच्या डोंगरातल्या सराव शिबिरासाठी माझं नाव निघालं. तिथून उतरलेल्या मुलींकडे निवड करणाऱ्यांचं लक्ष असायचं. मी आनंदात मैदानावर गेले. सुभेदार म्हणाले, "वढ." बराच वेळ बघितलं. मग दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की यंदा मी जायचं नाही, पुढच्या वर्षी बघू.

मी भांडले. माझं आयुष्य एका पापणीवर ठरवू नका, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर दम कमी पडतोय. मग अंग म्हणतंय, रगत वाढवा. पण रगत करायला लोखंड लागतंय, आणि तुझ्या अंगात त्येचीच बोंब हाय. घरात पीठ न्हाई तर चूल पेटवून काय करणार? वर जाशील, वाळशील आणि परत येशील." मला त्या क्षणी त्यांचा मनस्वी राग आला.

त्या रविवारी ते आमच्या घरी हजर झाले. आमच्याकडे मटण शिजलं होतं. माझा भाऊ तालमीत जायचा, म्हणून फोडी त्याच्या ताटात पडत; मग वडील, मग पाहुणा. आई आणि मी शेवटी बसायचो, रश्शात भाकरी कुस्करून. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही. सुभेदार पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "वैनी, माझ्या वाटणीचं हिच्या वाटीत घाला. मी रश्श्यावर जेवतो." आई संकोचली. पाहुण्याला नुसता रस्सा कसा वाढायचा? पण ते हलेनात, आणि मला त्यांच्या शेजारी बसवूनच त्यांनी पहिला घास घेतला.

जेवणावर चहा आला तेव्हा त्यांनी माझा कप उचलून बाजूला ठेवला. जेवणावरच्या चहाने खाल्लेलं लोखंड अंगी लागत नाही, म्हणाले.  वडिलांनी विचारलं, एका शिबिराचं एवढं भय कशाला, आणि पोरीचं लग्न आणखी वर्षभर कशाला लांबवायचं? तेव्हा सुभेदारांनी आम्हाला स्वतःची गोष्ट सांगितली. पलटणीच्या संघाबरोबर बर्फातल्या ठाण्यावर सरावाला जायचं होतं. छातीत सर्दी भरली होती, पण नाव कापलं जाईल म्हणून त्यांनी ती लपवली. वर तिसऱ्याच रात्री तोंडातून फेस यायला लागला. सोबत्यांनी पाठीवर घालून खाली आणलं म्हणून वाचले, पण फुफ्फुसं कायमची अधू झाली.

"तवापास्नं मला पन्हाळासुदिक चढवत न्हाई," ते म्हणाले. "पोरगी तयार हुईस्तवर थांबा. एक वर्स द्या."

वडिलांनी वर्ष दिलं. सुभेदार त्यानंतर कितीतरी रविवार येऊन रश्श्यावर जेवले. शेवटी आईलाच लाज वाटली आणि तिने सगळ्यांची ताटं एकदम, सारखी वाढायला सुरुवात केली, स्वतःचंसुद्धा. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, पण माझं रक्त त्या ताटांनी भरलं असंच मी मानते.

पुढच्या वर्षी मी निघाले तेव्हा ते स्टेशनवर आले होते. "पहिला आठवडा पळायचं न्हाई. चालायचं. झोप लागणार न्हाई, डोकं दुखंल, रडू येईल. येऊ दे. नव्या हवेची सवय व्हायला येळ लागतोय. पळून खाली तेवढं येऊ नगंस."

सगळं तसंच झालं. जिना चढतानाही जीव घाबराघुबरा व्हायचा. मी बूथवरून फोन करून रडले, तर त्यांनी एवढंच विचारलं की चालतेस ना. हो म्हटलं. "मग झालं की," म्हणाले आणि फोन ठेवला. हळूहळू श्वास बसला, पाय सुटले. खाली आल्यावर राज्य स्पर्धेत शेवटच्या दोन फेऱ्यांना बाकीच्या तोंड उघडून पळत होत्या आणि माझ्याकडे अजून दम शिल्लक होता. मी दुसरी आले. त्याच जोरावर पोलिसात लागले आणि स्थळांचा विषय बरीच वर्षं निघाला नाही.

नंतर नोकरी सांभाळून मी त्यांच्याच मैदानावर मुली तयार करू लागले. सुभेदार खुर्ची टाकून बसायचे. मग तेही होईना. शेवटी मी त्यांना बघायला दवाखान्यात गेले, तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो जरा बाजूला करून म्हणाले, "आता खाली ऱ्हाऊनच माझा वरचा कॅम्प चाललाय बग."  त्यांनी एक बोट उचललं.

"वढ."

मी खिडकीकडे तोंड करून पापणी ओढली. डोळे भरले होते, त्यांना कितपत दिसलं कोण जाणे. पण त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. त्याच आठवड्यात ते गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर गेले. मुली रांगेत उभ्या होत्या. एकेकीची पापणी बघितली आणि त्यांना पळायला सोडलं. मला मात्र पळवेना. पहिला आठवडा मी नुसती चालले.