मासळीच्या टोपलीतून आलेली पिल्लं

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या इमारतीत मासळी विकायला जवळच्या राई गावाहून एक बाई येते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने आमच्या दारात टोपली उतरवली आणि बोंबलांशेजारची कापडी पिशवी काढून आईच्या हातात दिली. पिशवीत कोंबडीची सात पिल्लं होती. कोंबडी मुंगसाने नेली होती.

"मावशे, मी दिवसभर बाहेर. घरात कोन न्हाय. तू गावची हायस, तुला जमंल. पंख फुटंपर्यंत सांभाळ, मंग मी नेते."

"सातच्या सात परत देईन," आई म्हणाली. शब्द देताना तिने मला विचारलं नाही. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तो मलाही लागू झाला.

आईचा अर्धा जन्म रत्नागिरीकडच्या गावात गेला. अंगणात कोंबड्या कायम असायच्या. पण संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की तिने कोंबड्या पाळल्या होत्या, पिल्लं वाढवली नव्हती. ते काम कोंबडी करायची.

टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात पिल्लं ठेवून मी वर बल्ब सोडला. बल्ब एलईडी होता. उजेड भरपूर पडला, ऊब आली नाही. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली. जुना पिवळा बल्ब शोधत स्टेशनपर्यंत गेलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये अभी कौन लेता है? पुराने जमाने के नाटक में काम करते हो क्या?" आणि माळ्यावरून एक काढून दिला.

खोक्यात अंथरायला माझ्याकडे एकच गोष्ट मुबलक होती. मी वर्तमानपत्रात नोकरी करतो. घरात रद्दीचे गठ्ठे असतात. कागद गुळगुळीत निघाला. पिल्लं घसरू लागली आणि त्यातलं सर्वांत बारकं दोन्ही पाय फाकवून बसलं ते उठेना.

"तुझ्या पेपरवर कुणाचाच पाय ठरत नाही," आई म्हणाली. तिने कागद काढून गोणपाट घातलं आणि त्या पिल्लाचे पाय लोकरीच्या धाग्याने सैलसर बांधून जवळ आणले. काही दिवसांनी ते नीट चालू लागलं.

वास मात्र राहिला. समोरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींचं कुटुंब राहतं. घर जैन. त्यांच्या बायको मासळीवाली जिन्यात दिसली की नाकाला पदर लावून दार बंद करतात. त्या घरात कळलं असतं तर खोका त्याच दिवशी रस्त्यावर गेला असता, आणि त्याबरोबर आईचा शब्दही. आईने धूप घातला. पिल्लं शिंकू लागली, म्हणून धूप बंद झाला.

मग एकदा सेक्रेटरींच्या बायकोच दारात आल्या. आतून चिवचिवाट चालू होता.

"मोबाइलची रिंगटोन आहे," मी म्हणालो.

"भाईसाब, कल से बज रही है. उठाते क्यों नहीं?"

एवढं बोलून त्या सरळ आत गेल्या. खोक्यापुढे नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या.

"मांजी, इनको खाओगे?"

आई ताठ उभी राहिली. "हम इनको खाता नहीं. सांभाळता है. परत देने का है."

बाईंनी विचार केला. सेक्रेटरींना त्या काही सांगणार नव्हत्या. पण अट अशी: पॅसेजमध्ये वास यायचा नाही आणि जीव एकही जायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तपासणी सुरू झाली. आमच्या वॉर्डात पालिकेचीही इतकी कडक तपासणी मी पाहिलेली नाही. गोणपाट ओलं राहतं, म्हणून त्यांनी ते बाद केलं; फर्निचरवाल्याकडून लाकडाचा जाड भुसा आणायला लावला. ओला भुसा रोज काढायचा. पिल्लं पाण्यात उभी राहून तिथेच शी करत, म्हणून वाटी विटेवर चढली. एखाद्या पिल्लाच्या मागे शी वाळून चिकटली की ती कोमट पाण्याने आणि कापसाने पुसायची. हे काम माझ्याकडे आलं.

"दुसरी बाजू भी देखो," बाई दारातून सांगत. खोक्याला त्यांनी स्वतः कधी हात लावला नाही.

"माझ्या सासूनेसुद्धा एवढं बघितलं नव्हतं," आई माझ्या कानाशी पुटपुटली. पण बाई यायच्या वेळेआधी ती खोका दोनदा वाकून हुंगत असे.

दोनेक महिन्यांत पिल्लांना पुरते पंख फुटले आणि मासळीवाली टोपली घेऊन आली. आईने एकेक मोजून दिलं. सात. बाई आपल्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. पदर हातात होता, नाकाला लावायचं राहून गेलं होतं.

"इनको काटोगे तो नहीं?" त्यांनी मासळीवालीला विचारलं.

"कोंबडी कोन कापतंय? अंडी देतील त्या. कोंबडा असंल तर मंग..."

"कोंबडा नहीं है," आई घाईने म्हणाली. "सब कोंबडी है."

त्याच क्षणी टोपलीतून एक घोगरी, मध्येच तुटलेली बांग आली. ती देणारं पिल्लू लोकरीच्या धाग्याने पाय बांधलेलं तेच बारकं होतं. 

बाईंनी टोपलीतल्या त्या पिल्लाकडे बोट दाखवलं. "ये मेरा है. तुम्हारे घर रहेगा, लेकिन मेरा है."

मासळीवालीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. टोपली डोक्यावर गेली.

आता मासळीवाली जिन्यात आली की समोरचं दार बंद होत नाही, उघडतं. पदर नाकाला असतो. पदराआडून प्रश्न येतो, "मेरा मुर्गा कैसा है?"

"झ्याक हाय, भाभी. पहाटे सगळ्या गावाला उठवतो."

ही माहिती एकाच सूत्राकडून मिळते. राई इथून लांब नाही. रविवारी जाऊन खात्री करून येतो, असं मी एकदा म्हणालो.

आई बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी बातमीदारी ऑफिसात कर. राईला जायचं नाही."